नियम आणि नेम

नियम आणि नेम हे शब्द एकाच घरातले. पहिला झिजून दुसरा झाला. पण मराठी माणसाने दोघांना वागणूक किती निराळी दिली आहे पाहा! नियम लावतात, नेम धरतात. नियम मोडला तर दंड होतो. नेम मोडला तर दंड करणारे कोणी नसते, तरी दिवसभर चुटपुट लागून राहते. आजीला एकादशीचा नेम असतो. ‘एकादशीचा नियम’ म्हटले की ती बिचारी कचेरीत गेल्यासारखी वाटते. मराठीच्या प्राध्यापकाला असल्या गोष्टींत निष्कारण आनंद होतो, तो वाचकांनी पोटात घालावा. पण भिंतीवरच्या नियमाचा मुलांच्या मनातला नेम कसा व्हावा, ह्या एका खटपटीत माझी बरीच वर्षे गेली आहेत.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरून ठेवीत आणि मुले ओशाळून आपण होऊन आवरू लागत. ती वाट गुरुजींनाच शोभली. माझ्या हाती झाडू दिसला तर आमची मुले आधी त्याचा फोटो काढतील!

मला वाट सापडली ती गावातच. नातेपुते हे फलटणहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि आमच्याकडे मुक्काम करते. कॉलेज तेव्हा नुकतेच उघडलेले असते. तळावर समाज आरतीच्या वेळी टाळमृदंगांचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि एवढा अफाट समुदाय क्षणात चिडीचूप होतो. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडले, उद्या निघायची वेळ, आणि आरती. पालखी सोहळ्याला 1832 पासून ही घडी बसविणारे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. लष्करी शिस्त त्यांना ठाऊक होती. पण तक्रारीचे टाळ वाजवायची सोय कुठल्या लष्करात असते? ती वारीत आहे, आणि मला वाटते, ती शांतता त्या सोयीवरच उभी आहे.

तेव्हापासून पालखी पुढे गेली की मी प्रथम वर्षाच्या वर्गाला एवढेच सांगतो, “ज्या नियमाविरुद्ध तक्रार असेल, त्याने टाळ वाजवावा.” निम्म्या मुलांनी घरी दिंडीला भाकरी वाढलेली असते, जास्त सांगावे लागत नाही. पहिला तास हसण्यात जातो. एकाने बाक बडवून वर्गात मोबाइल वापरायची परवानगी मागितली. मुलांनीच निकाल दिला, “ही तक्रार नव्हे, हौस आहे.”

एका वर्षी मात्र टाळ वाजला तो वस्तीवरून येणाऱ्या एका मुलीचा. पहाटे धारा, मग डेअरीला दूध, मग एस.टी. उशिरा येणाऱ्याने दारात उभे राहून परवानगी मागायची, ही पूर्वापार रीत. ती म्हणाली, “सर, गैरहजेरी मांडा, पण दारात उभं करू नका. रस्त्यानं आमच्या गावची माणसं जातात. पोरगी वर्गाबाहेर उभी असते, असं घरी सांगतात. माझ्या थोरल्या बहिणीचं कॉलेज तसंच सुटलं.”

वर्ग चोपदाराविना शांत झाला.

मग वाद झाला, आणि चांगला तासभर झाला. अशाने कोणीही केव्हाही येईल, हा मुलांचा आक्षेप खोटा नव्हता. अखेर ठरले: उशीर झालेल्याने मागच्या दाराने मुकाट्याने येऊन बसावे, कोणी वळून पाहू नये, आणि बुडालेला भाग त्याने दुसऱ्याच्या वहीतून त्याच दिवशी उतरवून घ्यावा. गावात राहणाऱ्यांना मात्र मागचे दार बंद! इतका कडक नियम मला सुचला नसता. बदल्यात एक नियम माझ्यावर बसला. घंटा झाली की वाक्य अर्धे असले तरी सोडायचे, कारण एस.टी. थांबत नाही. माझी कितीतरी देखणी वाक्ये त्या एस.टी.ने नेली आहेत.

“चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली!” असे एक सहकारी म्हणतात. पण सगळ्याच किल्ल्या मी देत नाही. परीक्षा, हजेरीची टक्केवारी ह्या गोष्टी विद्यापीठाच्या. तिथे टाळ वाजवून उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकतो. वारीतसुद्धा पालखीने आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघावे की नाही, ह्यावर कोणी टाळ वाजवीत नाही.

ती मुलगी पुरी तीन वर्षे आली. उशिरा पुष्कळदा आली. वही मात्र तिची कधी कोरी दिसली नाही.

यंदाच्या वर्गाने त्या मागच्या दाराविरुद्धच टाळ वाजवला आहे. ते उघडले की उन्हाची तिरीप नेमकी फळ्यावर पडते आणि पुढच्या बाकांना अक्षर दिसत नाही, अशी तक्रार आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर बैठक आहे.