कार्यकारणभाव आणि घरचा लॅपटॉप

कोणतीही वस्तु बिघडली म्हणजे 'हें कशानें झालें?' असें विचारण्यापूर्वीं 'हें कोणीं केलें?' असें विचारण्याची मनुष्यमात्रास खोड आहे. आणि एकत्र कुटुंबांत ती विशेषच बळावलेली दिसते. घड्याळ बंद पडलें, लोणच्यास बुरशी आली, नळाची तोटी गळूं लागली, कीं त्या वस्तूकडे पाहण्याच्या अगोदर घरांतील माणसांच्या तोंडांकडे पाहिलें जातें. ज्याच्या हातीं ती वस्तु शेवटीं दिसली तो अपराधी, असा निवाडा पुराव्यावांचून होऊन जातो. अशा निवाड्यानें वस्तु दुरुस्त होत नाहीं हें उघडच आहे; परंतु एखादें लहान माणूस मात्र त्यांत दुखावलें जातें. गेल्या पावसाळ्यांत कोल्हापुरांतील आमच्या घरीं लॅपटॉपच्या बाबतींत जें घडलें, तें या दृष्टीनें बोधप्रद वाटल्यामुळें वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें कुटुंब तीन पिढ्यांचें, नऊ माणसांचें. लॅपटॉप मात्र एकच, तोही पांच वर्षांचा. सकाळीं सूनबाई त्यावर हिशेबाचीं कामें करितात, दुपारीं तो आमच्याकडे असतो, आणि सायंकाळीं अकरावींत शिकणारा आमचा नातू त्यावर अभ्यास करितो. आमचें काम कुलवृत्तांताचें. वडिलांनीं जमविलेल्या वह्यांतून सात पिढ्यांची माहिती नीट उतरून काढण्याचें काम सेवानिवृत्तीनंतर आम्हीं हातीं घेतलें आहे. आणि ज्यांच्याकडून ती ताडून घ्यावयाची ते वृद्ध आप्त हयात आहेत तोंवर तें पुरें व्हावें, अशी इच्छा आहे.

आषाढाच्या आरंभीं या यंत्राच्या टचपॅडानें, म्हणजे ज्या गुळगुळीत चौकोनावर बोट फिरविलें असतां पडद्यावरील बाण हलतो त्यानें, विचित्र वर्तन आरंभिलें. बाण मध्येंच थरथरे, मध्येंच कोपऱ्यांत उडी घेई. कोणी स्पर्शही केला नसतां एखादें पान उघडे किंवा मिटे. टंकलेखन करितां करितां अक्षरें भलत्याच ओळींत जाऊन बसत. एके दुपारीं आमच्या पणजोबांची मृत्युतिथि त्यांच्या नातवाच्या मुंजीच्या ओळींत जाऊन पडली! कुलवृत्तांतांत असा घोटाळा नजरेंतून सुटला, तर पुढील पिढ्या तोच सत्य म्हणून वाचणार.

घरांत तर्कांस ऊत आला. सौभाग्यवतींनीं दमट हवेस दोष दिला. सूनबाईंस एखादा व्हायरस शिरल्याची शंका आली. एका दुरुस्तीच्या दुकानांत विचारलें, तेथील गृहस्थांनीं यंत्र न उघडतांच 'टचपॅड बदलावें लागेल, त्यापेक्षां नवीन लॅपटॉप घ्या' असा सल्ला दिला. आमच्या धाकट्या बंधूंनीं तर निकालच लावला: "पोराच्या खेळांनीं यंत्राची वाट लागली." त्या दिवसापासून नातवास लॅपटॉपला हात लावण्याची बंदी झाली. मुलगा उलटून बोलला नाहीं. पण पानावर बसला म्हणजे त्याची मान वर होईना. आमचें सारें आयुष्य शाळेंत गेलें आहे. खालीं घातलेली मान अपराध्याची कोणती आणि विनाकारण बोलणीं खाल्लेल्याची कोणती, हें आम्हांस ओळखतां येतें. दोष सिद्ध होईपर्यंत ही बंदी उठवावी असें आम्हीं सुचविलें. त्यावर बंधु म्हणाले, "दादा, तो निर्दोष आहे हें तुम्हीच सिद्ध करून दाखवा." आम्हीं तें पत्करलें.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यानें अभ्यासिला आहे, त्यास 'कारण' हा शब्द किती जपून वापरावा लागतो हें ठाऊक असतें. कार्याच्या पूर्वीं जवळपास असणारी प्रत्येक गोष्ट कांहीं त्याचें कारण नव्हे. नैयायिक यासाठीं कुंभाराच्या गाढवाचा दृष्टांत देतात. घट होण्यापूर्वीं माती वाहून आणणारें गाढव तेथें असतें खरें. पण माती दुसऱ्या कशावरून आणली तरी घट होतोच. म्हणून गाढव अन्यथासिद्ध, म्हणजे कारणांच्या पंक्तींतून उठविलेलें! आमच्या गंगावेशींतील कुंभार गल्लींत माती टेंपोंतून आली तरी गणपतीच्या मूर्ति घडावयाच्या राहत नाहींत, हें पाहिलें म्हणजे त्या जुन्या पंडितांचें म्हणणें चांगलेंच पटतें. खरें कारण ठरविण्याची कसोटी अन्वय-व्यतिरेकाची. अमुक असतां दोष दिसतो, हा अन्वय. अमुक नसतां दोष दिसत नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कोणावरही बोट ठेवूं नये.

मात्र परीक्षेपूर्वीं वस्तूचें स्वरूप कळलें पाहिजे. टचपॅडाच्या पृष्ठभागाखालीं अत्यंत बारीक विद्युद्वाहक रेषांचें उभें-आडवें जाळें असतें. मनुष्याचें शरीरही विद्युद्वाहक असल्यामुळें बोट टेकतांच त्या जागीं वीज धारण करण्याची शक्ति किंचित् बदलते. आंतील चिप हा फरक सेकंदास अनेक वेळां मोजते आणि बोट कोठें आहे याचें गणित करिते. म्हणूनच कोरड्या लांकडी काडीनें बाण हलत नाहीं, बोटानें हलतो. जॉर्ज गेर्फाइड या अमेरिकन संशोधकानें १९८८ सालीं ही युक्ति शोधली, आणि १९९४ मध्यें ॲपल कंपनीच्या पॉवरबुक लॅपटॉपांत ती आली. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. टचपॅड बोट 'पाहत' नाहीं. तें केवळ विजेंतील फरक मोजतें. पाण्याचा थेंब, तळहाताची कड, तेलकट थर किंवा विजेची खळबळ यांनीं ती मोजणी बिघडली, तर टचपॅड त्यासच बोटाची हालचाल समजणार.

यंत्र बंद करून टचपॅड मऊ, कोरड्या फडक्यानें पुसलें. तें पुन्हां सुरू करून व्हायरसची तपासणी केली. कांहीं निघालें नाहीं. हात धुवून पूर्ण कोरडे केल्याखेरीज त्यास शिवावयाचें नाहीं असा नियम घातला. त्यानें उड्या थोड्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहींत. मग एक वही घातली, आणि लेखनिक म्हणून नातवासच नेमिलें. वेळ, बसण्याची जागा, चार्जर लावलेला कीं काढलेला, टंकलेखन चाललें होतें कीं नव्हतें, आणि दोष कोणता दिसला, अशीं पांच सदरें आंखलीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, दोन नव्हे, हा दंडक. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर गुण कोणाचा हें कळत नाहीं.

आठ दिवसांत असें दिसून आलें कीं, तक्रार एक असली तरी कारणें तीन होतीं.

अक्षरें भलत्या ओळींत जाण्याचा प्रकार दोन्ही हातांनीं टंकलेखन करितांनाच घडे. एका बोटानें पान वाचीत असतां कधींच घडत नसे. अर्थात् तेथें कारण तळहात. अंगठ्याखालचा मांसल भाग टचपॅडास निसटता लागे आणि बाण तेथून उडे. यास उपाय सोपा. सेटिंग्जमध्यें टचपॅडाच्या सदरांत त्याची संवेदनशीलता कमी करतां येते. तेवढें करतांच पणजोबा स्वस्थानीं राहूं लागले.

बाणाची थरथर मात्र निराळी होती. ती माजघरांत चार्जर लावला असतांच दिसे. चार्जर काढला कीं त्याच क्षणीं थांबे. आणि बाहेरच्या खोलींत चार्जर लावूनही होत नसे. म्हणजे दोष केवळ चार्जरचा नव्हे, माजघरांतील जोडणीचा. भिंतींतील २३० व्होल्टची वीज लॅपटॉपास सोसेल अशी करण्याचें काम चार्जर करितो. तें होत असतां उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्म खळबळीस जमिनींत जाण्याची वाट प्लगाच्या तिसऱ्या, जाड पिनेनें मिळते. ती वाट नसली तर खळबळ यंत्राच्या अंगावरच राहते आणि टचपॅडाच्या मोजणींत लुडबूड करिते. धातूच्या लॅपटॉपास चार्जर लावून हात फिरविला असतां कधीं कधीं मुंग्या येतात, त्याचेंही कारण बहुधा हेंच. माजघरांतील बोर्डास तिसरें भोंक होतें, पण त्यामागें तारच नव्हती. जुन्या घरांतून असे प्रकार पुष्कळ आढळतील. वायरमनला बोलावून अर्थिंगची तार ओढून घेतली आणि थरथर गेली. टचपॅडाचें सोडा, पण त्याच बोर्डावर कोणी पाण्याची मोटर किंवा इस्त्री लावली असती, तर प्रसंग जिवावरचा होता.

तरीही तिसरा प्रकार उरलाच. चार्जर नाहीं, टंकलेखन नाहीं, कोणाचा हात नाहीं, आणि तरी टचपॅड आपोआप दाबल्यासारखें करी. यंत्र तापलें असतां अधिकच. बंधु म्हणाले, "एक माउस विकत घ्या, टचपॅड बंद करून टाका, म्हणजे झालें." हा सल्ला वरवर पाहतां शहाणपणाचा होता, माउस जोडून टचपॅड बंद केल्यावर तक्रार खरोखरच उरली नसती. पण व्यतिरेक न जुळतां परीक्षा सोडावयाची नाहीं असें आम्हीं ठरविलें होतें. तशांत एके संध्याकाळीं नातवानें वहींत एक सहावें सदर आपण होऊन घातलें: 'झांकण नीट बसत नाहीं.' त्यानें टचपॅडावर लांकडी पट्टी आडवी ठेवून दाखविली. ती सपाट न बसतां डुलूं लागली. टचपॅडाचा मध्यभाग केसभर वर आला होता!

तत्क्षणीं यंत्र बंद केलें, तें न दाबतां, न वांकवितां दुसऱ्या एका जाणत्या तंत्रज्ञाकडे नेलें. त्यानें खालचें आवरण उघडतांच टचपॅडाच्या बरोबर खालीं बॅटरी पुरीसारखी फुगलेली दिसली. लॅपटॉपांत व मोबाइलांत जी लिथियम-आयन बॅटरी असते, ती बाजारांत प्रथम १९९१ सालीं आली. तिच्या शोधाबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिघां शास्त्रज्ञांस मिळालें. अशी उपकारक वस्तु. पण ती जुनी झाली, सदैव चार्जरवर ठेविली किंवा वारंवार तापली, म्हणजे आंतील द्रवाचें विघटन होऊन वायु उत्पन्न होतो आणि तिचें मऊ वेष्टन फुगतें. फुगलेली बॅटरी दाबली गेली किंवा तिला भोंक पडलें, तर ती पेट घेऊं शकते. हेंच यंत्र रोज रात्रीं नातवाच्या गादीवर, गोधडीच्या उबेंत, चार्जर लावून ठेवलेलें असे. माउस घेऊन आम्ही स्वस्थ बसलों असतों तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

पंचगंगेच्या बाबतींत आम्ही कोल्हापूरकर हें चांगलें जाणतों. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांस पोंचलें कीं इशारा, ४३ फुटांस पोंचलें कीं धोका. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर हे आंकडे घरोघरीं पाठ झाले आहेत. इशाऱ्याचें पाणी कोणाच्या घरांत शिरलेलें नसतें. तरी त्या वेळींच सामान हलवावयाचें असतें. केसभर वर आलेलें टचपॅड, दाबतांना घट्ट लागणारें बटण, नीट न मिटणारें झांकण, हींच या यंत्राचीं ३९ फुटांचीं खूण आहेत. तीं दिसतांच यंत्र बंद करावें, चार्जर लावूं नये, बॅटरी स्वतः उपसूं नये. काढलेली बॅटरी घरच्या केरांत टाकणें तर सर्वथा वर्ज्य. २०२२ च्या बॅटरी-कचऱ्यासंबंधींच्या केंद्रीय नियमांनीं ती वेगळी गोळा करण्यासाठीं द्यावयाची आहे. आम्हीं ती तंत्रज्ञाकडेच सोपविली.

नवीन बॅटरी बसविल्यावर टचपॅड पूर्ववत् चालूं लागलें. टचपॅड बदलावें लागलें नाहीं, लॅपटॉपही नवा घ्यावा लागला नाहीं. वही बंधूंच्या हातीं दिली. त्यांनीं ती शेवटपर्यंत वाचली आणि नातवास हांक मारून म्हणाले, "बाळ, तुझ्यावर उगाच आळ आला." वडीलधाऱ्या माणसानें घरांतील मुलास असें उघडपणें म्हणणें सोपें नसतें, बंधूंनीं तें म्हटलें याचा आम्हांस फार आनंद झाला. न्यायशास्त्रांत आपली जागा कुंभाराच्या गाढवाची होती हें कळल्यावर नातू मात्र पोट धरधरून हंसला, आणि आतां 'तर्कसंग्रह' कोठें मिळेल म्हणून विचारीत आहे. जुनी प्रत आमच्या कपाटांत आहे. येत्या रविवारपासून पाठ सुरू करण्याचा बेत आहे.