गर्दी ओसरल्यावर तापोळ्याचा जलप्रवास

सहकुटुंब प्रवासास निघणाऱ्या गृहस्थाला दोन काळज्या असतात. एक गर्दीची, आणि दुसरी गर्दी नसण्याची. पहिलीचा अनुभव आपणां सर्वांस आहे. मे महिन्यांत किंवा दिवाळीच्या सुटींत महाबळेश्वरीं गेलेल्या मनुष्याला सृष्टिसौंदर्यापेक्षां पुढच्या मोटारीची मागची बाजूच अधिक पाहावी लागते. दुसरी काळजी मात्र निघतांना घरांतील वडील माणसें हळूच बोलून दाखवितात. "तेथें कोणीच नसेल तर जेवणाचें कसें? बोट सुटेल का? आपण एवढेच असलों तर भाडें किती पडेल?" या प्रश्नांस आमच्या एका प्रवासानें जीं उत्तरें दिलीं, तीं वाचकांच्या उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

विषय निघाला तो पुतण्यामुळें. २०२० सालीं महामारीनें जगांतील प्रवासी जहाजें बंदरांत उभीं राहिलीं, व पुढील वर्षीं तीं पुनः निघालीं तेव्हां मर्यादित उतारू घेऊनच निघालीं. पुतण्या व त्याची पत्नी त्या वेळीं मुंबईहून अशाच एका जहाजानें गोव्याकडे जाऊन आलीं होतीं. तो सांगत होता, "काका, जेवणाला रांग नाहीं, डेकवर हवी ती खुर्ची मोकळी, पण संध्याकाळच्या करमणुकीला एवढ्या मोठ्या दिवाणखान्यांत आम्ही वीसच माणसें. टाळी वाजविली तर आपलीच आपल्याला ऐकूं येई." यंदा पुनः तशी समुद्रयात्रा सर्वांनीं मिळून करावी असा त्याचा बेत होता.

सर्वांनीं होकार दिला. वहिनी तेवढ्या बोलल्या नाहींत. माझ्या वडील बंधूंच्या पश्चात् आमच्या वाईच्या घरांत वडीलकीचा मान त्यांचा. वय पंचाहत्तर. रात्रीं पानें वाढतांना त्या म्हणाल्या, "भावजी, समुद्रावर तुम्ही सर्व जा. मला एकदां तापोळ्याच्या पाण्यावरून न्या. माहेरीं जाऊन पुष्कळ दिवस झाले."

घांस माझ्या हातांतच राहिला. वहिनींचें माहेर कोयनेच्या खोऱ्यांत होतें हें मला ठाऊक होतें, आणि तें गांव धरणाच्या पाण्याखालीं गेलें हेंहि ठाऊक होतें. पण पन्नासांहून अधिक वर्षें एका घरांत काढूनहि, त्यांस तेथें एकदां न्यावें हें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

समुद्राचा बेत पुढें ढकलला आणि मार्गशीर्षांतील एक बुधवार ठरविला. मधल्या वाराला लोकांची ये-जा अगदीं विरळ असते. वहिनी, आम्ही उभयतां, मुलगा व सूनबाई, पुतण्या व त्याची पत्नी आणि शाळेत न जाणारीं दोन नातवंडें, अशीं नऊ माणसें पहाटे वाईहून निघालों. पसरणीचा घाट चढून पांचगणी, आणि तेथून सुमारें ४,५०० फूट उंचीवरील महाबळेश्वर. साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं बांधविलेल्या वेण्णा तलावावर धुकें होतें व नावा कांठाला बांधलेल्या होत्या. बाजारपेठ जेमतेम जागी होत होती. मे महिन्यांत जेथें मुलाचा हात सोडतां येत नाहीं, तेथें नातवंडें रस्त्याच्या मधून चाललीं होतीं.

महाबळेश्वरापासून तापोळा सुमारें २८ किलोमीटर. रस्ता सारखा उतरत, वळणें घेत जातो. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या मंदिरांत ज्या पांच नद्यांचा उगम मानितात, त्यांपैकीं कोयना ही एक. बहुतेक नद्या सह्याद्रीवरून उतरतांच पूर्वेची किंवा पश्चिमेची वाट धरतात; कोयना मात्र डोंगराच्या दोन ओळींमधून दक्षिणेकडे जाते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. डोंगरांमधील हें लांब, अरुंद खोरेंच धरणाला सोयीचें ठरलें. कोयनानगर येथील १०३ मीटर उंचीचें धरण १९६४ सालीं पूर्ण झालें आणि त्याच्या मागें सुमारें ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय पसरला. तापोळा या जलाशयाच्या उत्तर टोंकाकडे आहे. येथें कोयनेस सोळशी मिळते, कांदाटी खोऱ्याचें पाणीहि येतें. म्हणून जवळच्या दत्तमंदिराच्या परिसरास त्रिवेणी संगम म्हणतात.

आम्ही धक्क्यावर पोंचलों तेव्हां दहा वाजले होते. दहा-बारा बोटी ओळीनें उभ्या. उतारू मात्र आम्हीच. आदले दिवशीं ज्या खानावळीची चौकशी केली होती, तिच्या दाराला कुलूप होतें. दोन-चार गिऱ्हाइकांकरितां चूल पेटविणें परवडत नाहीं, हें समजण्यासारखें आहे. सूनबाईंनीं दशम्या, चटणी, दहीभात आणि चहाची सुरई घेतली होती म्हणून निभावलें. विरळ दिवसांत जाणाऱ्यानें शिदोरी घरूनच न्यावी, हा पहिला धडा.

दुसरा धडा माझ्या वांट्याला आला, आणि तो सांगतांना थोडी लाज वाटते. भाडें बोटीमागें होतें, माणसामागें नव्हे. फलकावरील दर पाहून मी नावाड्याला म्हणालों, "आज तुमच्याकडे दुसरें कोणी नाहीं. आमच्याच मुळें बोट हालणार. मग कांहीं कमी करा." तो पस्तिशीचा तरुण होता. रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, मानसं नऊ असूंद्या न्हाईतर बारा, डिझेल तेवढंच जळतं. आन् परवापासनं माझी ही पयलीच फेरी हाय." मी आयुष्यभर मुलांस गणित शिकविलें, हें साधें गणित मात्र मला धक्क्यावर शिकावें लागलें. आम्हांला जो एकांत फुकट मिळाला असें वाटत होतें, त्याचा खर्च कोणाच्या तरी बुडालेल्या रोजांत मांडलेला होता. मुकाट्यानें पूर्ण भाडें कबूल केलें.

बोटींत बसतांच सर्वांनीं लाइफ जॅकेटें घालावीं असें त्यानें सांगितलें. सौभाग्यवती कुरकुरली, "एवढें शांत पाणी, आणि आपण इतकींच माणसें!" परंतु १७ जुलै १९४७ रोजीं रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ही कथा आमच्या पिढीनें वडिलांच्या तोंडून ऐकलेली आहे. मीं आधीं आपल्या पट्ट्या आंवळल्या. नावाड्यानें आणखी एक गोष्ट सांगितली ती ध्यानांत ठेवावी. भरलेल्या बोटींत माणसें आपोआप दोन्ही बाजूंस बसतात. मोकळ्या बोटींत देखावा दिसला कीं सर्व एकाच कडेला धांवतात आणि हलकी बोट तिकडे कलते. तेव्हां माणसें थोडीं असतां अधिक जपून बसावें.

बोट निघाली. दोन्ही बाजूंस रान, मध्यें हिरवट निळें पाणी. सकाळीं वारा नसतो, त्यामुळें डोंगर उलटे पाण्यांत उतरलेले दिसतात. दक्षिणेकडे गेलें असतां बामणोली व पुढें वासोट्याचा पायथा लागतो. १८१८ सालीं इंग्रजांनीं हा किल्ला घेतला तेव्हां छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या घरचीं माणसें तेथें अटकेंत होतीं. आतां तो अभयारण्यांत आहे, वनखात्याची परवानगी लागते व सायंकाळपूर्वीं परतावें लागतें. लहान मुलें आणि वृद्ध यांस घेऊन ती चढण करूं नये; आम्हांसहि तिकडे जावयाचें नव्हतें.

अर्ध्या वाटेवर समोरून एक लाँच आली. तींत शाळेचीं मुलें, दुधाच्या किटल्या, गहूं-तांदळाचीं पोतीं आणि तान्ह्या मुलाला पदराखालीं घेतलेली एक बाई. नावाड्यानें हात केला. पाणी चढल्यावर कांहीं गांवें अंगावरच्या वस्त्रांनिशीं वर डोंगराच्या उतारावर सरकलीं, त्यांतील कित्येकांना आजहि पाण्याचीच वाट जवळची आहे. त्याची स्वतःची मुलगी अशाच लाँचनें शाळेस जाते. आपण ज्याला जलविहार म्हणतों ती त्या लोकांची एस. टी. आहे. गर्दीच्या दिवसांत सहलीच्या बोटींच्या गलबल्यांत ही लाँच आमच्या दृष्टीसहि पडली नसती.

वहिनी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचें लक्ष पाण्याकडे नव्हतें. डोंगराच्या कडेकडे होतें. कांहीं वेळानें त्या म्हणाल्या, "ती खिंड दिसते ना, दोन कानांसारखे सुळके आहेत ती? तिच्या समोर यायला हवें." नावाड्यानें वळून पाहिलें. "आजी, तुमी कुन्या गावच्या?" वहिनींनीं नांव सांगितलें. त्याचा चेहरा बदलला. "माझ्या आजीचं म्हायेर त्ये. थांबा, नेतो." त्यानें बोट डावीकडे घेतली आणि खिंडीच्या बरोबर समोर येतांच इंजिन बंद केलें.

इतकी शांतता मीं पूर्वीं क्वचित् अनुभवली असेल. पाणी बोटीच्या अंगाला लागून चुळचुळ करी, एवढाच काय तो आवाज. वहिनी बोटानें दाखवूं लागल्या. येथें मारुतीचें देऊळ; त्याच्या ओसरीवर त्यांचे वडील मुलांना शिकवीत. तेथें पार. त्या बाजूस नदीचा उतार. तेथून दोन हंडे घेऊन चढतांना दम लागे. १९६१ च्या उन्हाळ्यांत गांव सोडलें. वडिलांनीं देव्हारा दुसऱ्या कोणाच्या हातीं दिला नाहीं. स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते पुढें, मागून सर्व मंडळी. शेजाऱ्यांपैकीं कोणी सोलापूर-सांगलीकडील पठारांत गेले, कोणी कोंकणांत. पुनः सर्वांची गांठ पडली नाहीं.

पुतण्या इंजिनियर. त्यानें मुलांना समजावून सांगितलें कीं, येथील पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेतात, तेथें त्यापासून वीज करितात व मग तें वाशिष्ठी नदींत सोडतात. महाराष्ट्राच्या कारखान्यांना व घरांना या विजेनें केवढा हात दिला तेंहि त्यानें सांगितलें, आणि तें खरेंच आहे. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "दिवे लागले तें चांगलेंच झालें. पण साताऱ्याच्या आमच्या बिऱ्हाडांत वीज यायला पुढें पांच वर्षें लागलीं हो." त्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. कोणी हंसलेंहि नाहीं.

धाकट्या नातवानें विचारलें, "पणजोबांची शाळा आतां खालीं आहे?" वहिनींनीं मान हलविली. "आंत मासे शिकतात," तो म्हणाला. तेव्हां मात्र त्या हंसल्या, आणि डोळे पुसले. सोबत आणलेलीं चार शेवंतीचीं फुलें त्यांनीं पाण्यावर सोडलीं. नारळ पुडींत तसाच ठेवला, परत आल्यावर तो नावाड्याच्या हातीं दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या आजीला दे. माहेरचा आहे म्हणून सांग."

तो किती वेळ थांबला, मीं घड्याळ पाहिलें नाहीं. गर्दीच्या दिवसांत फेरी ठराविक वेळांत पुरी करावी लागते, धक्क्यावर पुढची मंडळी ताटकळत असतात. पाण्याच्या मध्यावर कोणी कोणासाठीं इंजिन बंद करीत नाहीं. कमी उतारूंच्या प्रवासांत खरें काय मिळतें, असें कोणी विचारलें तर मी हेंच सांगेन. खुर्ची मोकळी मिळते हा फायदा लहान. थांबावयास सवड मिळते हा मोठा.

जाऊं इच्छिणाऱ्यांकरितां आणखी कांहीं सूचना. पावसाळ्यांत जाऊं नये. या प्रदेशांत पाऊस अतोनात पडतो आणि जलविहार बहुधा बंद असतो. पाऊस संपल्यावर जलाशय तुडुंब असतो व डोंगर हिरवे असतात. उन्हाळ्याच्या शेवटीं पाणी उतरून कांठचा चिखल उघडा पडतो. सकाळीं लौकर निघावें, म्हणजे वारा सुटण्यापूर्वीं परत येतां येतें. हिंवाळ्यांत पाण्यावर थंडी अंगांत भरते, तेव्हां वृद्धांसाठीं शाल व कानटोपी घ्यावी. फोनवरून पैसे देण्याच्या भरंवशावर राहूं नये. रोख रक्कम जवळ ठेवावी. वृद्ध माणसांस चढउतार करतांना दोन्हीकडून हात द्यावा, कारण मदतीला धक्क्यावर दुसरी माणसें असतीलच असें नाहीं. शिदोरीचे कागद व पिशव्या परत आणाव्या; खालीं कोणाचें तरी अंगण आहे. आणि भाड्यासाठीं घासाघीस करूं नये.

परततांना घाटांत वहिनींस झोंप लागली. वाईस पोंचल्यावर देवापुढें दिवा लावून त्या नेहमींप्रमाणें स्वयंपाकघरांत गेल्या. पुतण्यानें समुद्रयात्रेची गोष्ट पुनः काढली. वहिनी म्हणाल्या, "आतां जाऊं या कीं. आतां मी येतें."