किटलीचा कान

मराठीत कपाला कान असतो, किटलीलाही कान असतो. आणि कान म्हटला की तो ओढण्यासाठीच असायचा, अशी आम्हा मास्तरीणबाईंची पूर्वापार समजूत. पण किटलीचा कान खरोखरच ओढून काढतात, हे मात्र मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

गेल्या दिवाळीत सासूबाईंच्या हातून चहाची किटली निसटली आणि त्यांचा पाय भाजला. त्यांच्या बोटांना संधिवात. बाजारच्या किटलीच्या कानात दोनच बोटे जात, आणि त्या दोन बोटांना भार पेलवेना. मी पायावर गार पाणी ओतले, किटली माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "आई, यापुढे चहा मीच ओतत जाईन." दुपारी मैत्रिणी जमल्या की त्यांना चहा ओतून देणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा मान. त्या दिवसापासून त्या "मला नको गं चहा" म्हणू लागल्या. हळूहळू मैत्रिणींचे येणेही कमी झाले. पाय मात्र आठ दिवसांत बरा झाला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भांड्यांची भट्टी चालवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. चार बोटे मावतील असा कान हवा, एवढेच सांगितले. "बाई, कान ओढायची सवय तुम्हाला असेलच," ते हसून म्हणाले. किटलीचे पोट त्यांनी चाकावर करून दिले, कान माझ्याकडे. गाजराच्या आकाराची माती एका हातात धरायची आणि दुसऱ्या ओल्या हाताने, गाईची धार काढावी तशी, खाली ओढत न्यायची. पट्टी निघाली की तिला बाक देऊन पोटाला जोडायची. हे जमते. पुढचे जमत नाही.

पहिली किटली मी हौसेने पंख्याखाली ठेवून घरी गेले. सकाळी पाहते तो कान पंख्याच्या अंगाला कललेला आणि वरच्या सांध्याला तडा. माती वाळते तशी आकसते. कान बारीक, त्याला चहूकडून वारा. पोट जाड आणि ओले. कान आधी आकसू लागतो, पोट जागचे हलत नाही, आणि त्या ओढाताणीत जो दुबळा तो वाकतो नाही तर तुटतो. म्हणून दोन्ही सारखीच ओली, चामड्याइतकी घट्ट असताना जोडायची. सांध्यावर ओरखडे काढून पातळ कालवलेली माती लावायची. कानाला प्लॅस्टिक गुंडाळायचे, सबंध किटली झाकायची आणि आठ-दहा दिवस धीर धरायचा.

दुसरा कान जोडताना किंचित डावीकडे गेला. मी अंगठ्याने तो सरळ केला. वाळला सरळ, पहिल्या भाजणीतून आला तोही सरळ. मग झिलई लावून साडेबाराशे अंशांच्या भट्टीत गेला आणि बाहेर आला तो पुन्हा डावीकडे मान टाकून! "मातीला आठवण असते, बाई," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही तो नुसता वरून सरळ केलात." मातीचे कण चपटे असतात, दाब पडेल तसे ते पडून राहतात, आणि त्या आचेत माती पुन्हा जराशी मऊ झाली की जुना कल वर येतो. शिवाय वाळून आणि भाजून ती शेकडा दहा-बारा आकसते. सासूबाईंच्या बोटांचे माप मी दोऱ्याने घेतले होते. त्यांनी हात पुढे केला होता, पण कशाला ते विचारले नव्हते. त्या मापाच्या कानात आता तीनच बोटे जात होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा पाय पुन्हा भाजू नये म्हणून मी किटली काढून घेतली, हे खरे. पण त्यांना विचारले कुठे होते?

सकाळी विचारले. "आई, कान कसा हवा? जपानी किटलीला वरून वेताची कडी असते, तशी करू का? ती वाकायचा प्रश्नच नाही."

"नको गं, वरून धरलं की मनगट वळत नाही. बाजूलाच असू दे," त्या लगेच म्हणाल्या. जणू सहा महिने त्या याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. "अंगठा टेकायला वर जागा ठेव. आणि जाड कर, बारीक असला की बोचतो."

जाड कान लवकर वाळत नाही आणि सहजी वाकतही नाही. सासूबाईंनी भट्टी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या बोटांना मात्र हे कळले होते. तिसऱ्या कानाचे माप मी आठव्या हिश्शाने वाढवले, कान आणि चोच एका रेषेत आहेत ना हे वरून पाहून घेतले, आणि एकदा जोडल्यावर हात लावला नाही.

गणपतीत, गौरी जेवल्या त्या दुपारी, मैत्रिणी आल्या. सासूबाईंनी चारही बोटे कानात घातली, अंगठा टेकवला आणि पाच कप ओतले. पहिला माझा. शेवटचा थेंब चोचीवरून ओघळून नव्या टेबलक्लॉथवर पडला.

त्यांनी किटली खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "कान जमलाय तुला. आता चोचीचं बघ."