रिकाम्या पाकिटांची पिशवी

"पुढच्या खेपेला येताना घरात जे जे पाकिटातलं खाल्लं जातं, त्याची रिकामी पाकिटं घेऊन या," असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, तेव्हा मी निर्धास्त होते. बाबांसाठी मी पारखूनच आणत होते.

बाबा ७४ वर्षांचे. बँकेत आयुष्यभर हिशेब पाहिलेले, ११ वर्षांपासून मधुमेही. आई होती तोवर घरात पाकिटातलं फारसं काही येत नसे. ती गेली आणि साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात बाबा एकटे उरले. पोळी-भाजीला बाई येतात, पण चार वाजताच्या चहाबरोबर काय द्यायचं? मी दर पंधरा दिवसांनी पुण्याहून पिशवी भरून न्यायची. साखर नसलेली नाचणीची बिस्किटं, डाएट चिवडा, 'कोलेस्टेरॉल नाही' असं ठळक लिहिलेल्या खाऱ्या शेंगा. आठ महिन्यांत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ७.२ वरून ८.४ वर गेली.

आहारतज्ज्ञ बाईंनी टेबलावर पाकिटं उलटी मांडली. बिस्किटाच्या पुड्यावर पुढे नाचणीचं भलंमोठं कणीस, मागे घटकांच्या यादीत पहिला मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, हे मला त्या दिवशी कळलं. नाचणी पाचवी, ३ टक्के. साखर शून्य, हे खरंच होतं. १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर 'शुगर फ्री' लिहिता येतं. पण वरच्याच ओळीत कर्बोदकं होती ६८ ग्रॅम. त्यात मैदा होता, माल्टोडेक्स्ट्रिन होतं. हे माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात धरत नाहीत, तरी रक्तातली साखर ते झपाट्याने चढवतं.

"काका, दिवसाला किती खाता?"

"सकाळी चार, संध्याकाळी चार. साखर नाही म्हणून बिनधास्त."

आठ बिस्किटं म्हणजे साधारण ६४ ग्रॅम. बाबांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला आणि गप्प झाले. दोन पोळ्यांइतकी कर्बोदकं ते रोज जेवणाव्यतिरिक्त खात होते, आणि ती मी आणून देत होते. पुड्यावरचा 'एका वेळचा' आकडा दोन बिस्किटांचा होता. दोन बिस्किटांवर थांबणारं माणूस आमच्या घरात तरी नाही.

तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: पॉलिऑल्समुळे पोट सैल होऊ शकतं. गोडीसाठी माल्टिटॉल घातलेलं होतं. कित्येक महिने बाबांचं पोट बिघडत होतं आणि आम्ही सगळा दोष मधुमेहाच्या गोळीला देत होतो. ती ओळ इंग्रजीत, मोहरीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावूनही बाबांना वाचता आली नाही. याचा मला आजही संताप येतो. पुढचं कणीस रस्त्यापलीकडून दिसतं आणि पोटाचा इशारा मात्र भिंगाशिवाय दिसत नाही.

शेंगांवरच्या 'कोलेस्टेरॉल नाही'चंही तसंच. कोणत्याच शेंगदाण्यात ते नसतं.

बाबांनी या सगळ्याचा इतका धसका घेतला, की मधलं खाणंच बंद करायचं ठरवलं. दिवसातून दोनदाच जेवायचं, एरवी तोंडात काही घालायचं नाही. शेजारच्या काकांचं वजन त्याने उतरलं होतं. मला फोनवर विचारलं, आणि मी हो म्हणाले. तीन वर्षांपूर्वी मी कीटो केलं होतं, पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले होते, ती खूण मनात पक्की होती. ते तीन किलो बहुतेक पाण्याचे होते, हे मला नंतर कळलं. कर्बोदकं बंद केली की शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन वापरून टाकतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं. कीटोचा आहार मुळात १९२० च्या दशकात लहान मुलांच्या अपस्मारासाठी आखला गेला, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मी तो मैत्रिणीच्या फोनवरचा तक्ता पाहून केला होता.

चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा घामाने भिजले होते, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. काकूंनी यंत्रावर पाहिलं, साखर ५४. त्यांनी लगेच साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं. बाबा आठ वाजता नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन उपाशी बसले होते. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. शेजारच्या काकांना मधुमेह नाही. त्यांना जे मानवलं, ते बाबांच्या जिवावर बेतलं असतं. फोनवर हो म्हणताना गोळीचं नावसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. पुणे ते सातारा त्या दिवशी मी कशी गेले, मला आठवत नाही.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली आणि यापुढे जेवणाच्या वेळा त्यांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत, असं दोघांनाही बजावलं. चहाबरोबर आता मूठभर फुटाणे असतात, कधी काकडी.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा बाबांनी एक वही दाखवली. बँकेतल्यासारखे रकाने आखलेले: पदार्थ, पहिले तीन घटक, कर्बोदकं, स्निग्धांश, सोडियम. सगळं दर १०० ग्रॅमला, म्हणजे दोन पाकिटांची तुलना करता येते. डाएट चिवड्यापुढे लाल शाईत लिहिलं होतं: पामतेल दुसरं, सोडियम ८०० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ २ ग्रॅम. कोपऱ्यात दिवसाची मर्यादा, मीठ ५ ग्रॅम. वाण्याच्या दुकानात ते भिंग घेऊन जातात. वाणी आता स्वतःहून दिवा लावून देतो.

शेवटच्या पानावर आईच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याची कृती होती, आठवेल तशी लिहिलेली. "हळद आधी की दाणे, एवढं तुझ्या मावशीला विचार," बाबा म्हणाले, आणि मी फोन लावला.