फुकटचे १५ जीबी

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या बऱ्याच वर्कशॉपांत भिंतीवर फाइव्ह-एसचा फलक असतो. त्यातला पहिला नियम लागणारं आणि न लागणारं वेगळं करण्याचा. जुन्या जिगला लाल टॅग लावून ते शॉपफ्लोअरवरून हलवायचं, ही शिस्त मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटमुळे छोट्या पुरवठादारांच्याही अंगवळणी पडली. त्याच शेडच्या केबिनमधल्या संगणकावर मात्र स्टोरेज भरल्याची लाल पट्टी महिनोन्‌महिने झळकत राहते. याला आळस म्हणणं मला पटत नाही. जी माणसं लोखंडाचा तुकडाही जागेवर ठेवतात, ती फायलींच्या बाबतीत ढिली पडली, कारण फुकट जागेने त्यांची निवडण्याची सवयच मोडली.

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन आलं, तेव्हा हॉटमेलची फुकट जागा २ एमबी होती. तोवर मेल वाचायची, हवी ती छापून घ्यायची आणि पुसायची, हाच रिवाज होता. आता काही पुसायची गरजच नाही, हे जीमेलचं मोठं आकर्षण ठरलं. २०१३मध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबींची सामाईक मर्यादा आली. २०१५मध्ये गुगल फोटोजने, दर्जा थोडा कमी करून का होईना, अमर्याद फोटो फुकट ठेवायची मुभा दिली आणि १ जून २०२१पासून ती काढून घेतली. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४पासून याच १५ जीबींत मोजला जाऊ लागला. आधी सवय लागली, मोजमाप मागाहून आलं.

खरी अडचण त्या 'सामाईक' शब्दात आहे. अनेक छोट्या वर्कशॉपांचा कारभार मालकाच्या स्वतःच्या फुकट खात्यावर चालतो. भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ, रिजेक्ट झालेल्या मालाचे फोटो, चलनं, तपासणी अहवाल आणि ग्राहकाची ड्रॉइंगं, सगळं एकाच कोठारात. जागा संपली की मेल येणं-जाणं थांबतं. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते. इकडे मशीनवर जुन्याच मापाने काम चालू राहू शकतं. अख्खा लॉट परत येण्याला एवढं कारण पुरतं.

यावर सरळ उत्तर दिलं जातं: महिन्याला १३० रुपये भरा, १०० जीबी घ्या. जरूर घ्यावेत; कामाच्या साधनाला पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. पण न निवडता घेतलेली जागाही भरतेच, आणि तेव्हा भाडं वाढवण्यावाचून मार्ग उरत नाही. पैसे थांबले आणि खातं सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं, तर त्यातला मजकूर पुसला जाऊ शकतो. जीएसटीचा कायदा मात्र हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगतो. कायद्याची आणि सेवेची मुदत जुळत नाही. ती जुळवण्याची जबाबदारी उद्योजकावरच येते. फुकट सेवेमुळेच छोट्या माणसाला मोठ्या कंपनीशी ड्रॉइंगची देवाणघेवाण करता आली, असंही म्हटलं जातं. ते अगदी खरं आहे, आणि ते उपकार मोठे आहेत. म्हणूनच मी फुकट खातं बंद करा म्हणत नाही. ते दाराशी येणाऱ्या टपालासाठी वापरावं, दप्तर म्हणून नाही.

खंडेनवमीला मशिनं पुसून हार घालण्याआधी शेड झाडली जाते. त्या साफसफाईत एक दिवस संगणकासाठी काढा. घरचं आणि कामाचं खातं वेगळं करा. चालू ड्रॉइंगं आणि जीएसटीचे कागद दोन हार्ड डिस्कवर उतरवा, त्यातली एक शेडबाहेर ठेवा आणि दोन्ही उघडून पाहा. मगच मोठ्या अटॅचमेंटच्या जुन्या मेल शोधून पुसा, आणि ट्रॅशही रिकामी करा. तिथे पडलेलं सगळं त्या १५ जीबींतच मोजलं जातं.