निवासी आणि अनिवासी

२०२२च्या ऑगस्टमध्ये, पहाटे साडेपाच वाजता धाकट्या भावाचा न्यू जर्सीहून फोन आला. "दादा, कार्ड आलं." एवढेच बोलून तो बराच वेळ गप्प राहिला. मीही काही बोललो नाही.

आमचे वडील अमळनेरहून कॉटन ग्रीनला कापसाच्या एका पेढीवर मेहताजी म्हणून आले, तेव्हा त्यांच्यापाशी वळकटी आणि ओळखीची एक चिठ्ठी होती. त्याहून अधिक कागद त्यांना कोणी मागितला नाही. कॉटन ग्रीन हे नावही मूळचे इथले नव्हेच. कापसाचा बाजार १८४४ साली कोटातून कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात तेथून इकडे आला. गाठींबरोबर नावही आले.

भावाचे तसे नव्हते. तो २००८ साली पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह नोकरीच्या व्हिसावर गेला. त्याचे बचत खाते मीच, नियमाप्रमाणे, एनआरओ करून घेतले. फॉर्मवरील शब्द वाचून आईने विचारले, "अनिवासी म्हणजे काय रे? त्याचं घर तर इथेच आहे ना?" फेमाची व्याख्या मला तोंडपाठ होती, आईला सांगण्याजोगे उत्तर मात्र सुचले नाही.

त्याच्या कंपनीने २०१३ मध्ये कायम निवासासाठी अर्ज केला. तेथील १९९० च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार परवाने मिळतात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. लहान देशांचे अर्जदार लवकर सुटतात. भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. मुलगी २१ वर्षांची झाली की 'आश्रित' राहत नाही, हा घोर वेगळाच. दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या तारखा भाऊ मला कळवी आणि मी त्या एका जुन्या डायरीत टिपून ठेवी. काही महिन्यांत तारीख पुढे जाण्याऐवजी मागेच यायची. व्याजाच्या हिशेबात असे कधी पाहिले नव्हते.

मे २०२१ मध्ये आई गेली. त्याच महिन्याच्या ४ तारखेपासून अमेरिकेने आदल्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्यांना प्रवेश बंद केला होता. नागरिक आणि कायम रहिवासी वगळले होते. त्याच्यासारखे तात्पुरत्या व्हिसावरचे नव्हते. शिवाय त्याच्या पासपोर्टावरील शिक्क्याची मुदत संपलेली, आणि इथल्या वकिलातीचे काम जवळजवळ ठप्प. येणे शक्य होते, परत जाणे नव्हते. आणि मुलगी तिथे शिकत होती. त्याने अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. फोन मी धरला होता. माझा हात थरथरत होता, त्यामुळे त्याला नीट दिसलेही नसेल.

त्या दिवसांत मला शाखेतील एक म्हातारे पेन्शनर वारंवार आठवत. हयातीच्या दाखल्यावर सही नव्हती म्हणून मी त्यांना काउंटरवरून परत पाठवले होते. ते स्वतः माझ्यासमोर उभे होते. नियम माझ्या बाजूने होता.

वर्षभराने रांग एकाएकी हलली. कोविडमुळे वकिलाती बंद राहिल्याने नातेवाइकांच्या वाट्याचे न वापरलेले परवाने नोकरदारांकडे वळले होते. म्हणजे ज्या साथीने त्याला आईपासून अडवले, तिच्यामुळेच त्याला कार्ड मिळाले. पुतणी तेव्हा वीस वर्षांची होती, थोडक्यात वाचली. आणखी पाच वर्षांनी त्याला तेथील नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल. ते स्वीकारले, की १९५५ च्या आपल्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचे नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड मिळते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तो काय ठरवेल हे मी विचारलेले नाही.

डिसेंबरात तो आला. आईचे कपाट उघडताना जुने रेशनकार्ड निघाले. वडिलांचे नाव कमी केलेले, आईचे आणि माझे तसेच, आणि खाली त्याचे.

"दादा, हे अजून काढलं नाहीस? तू तर बँकेतला माणूस."

"आज रविवार आहे," मी म्हणालो, आणि कार्ड पुन्हा कपाटात ठेवले.