फळीचें भाडें

विमानानें प्रवास करणाऱ्या माणसाची उंची कोणी मोजीत नाहीं. सव्वासहा फुटांचा पहिलवान आणि पांच फुटांची आजीबाई यांना एकाच दरानें तिकीट मिळतें. पण गेल्या डिसेंबरांत मुंबईच्या विमानतळावर माझ्या मुलीच्या शेजारीं तिची नऊ फुटांची फळी उभी राहिली, तेव्हां काउंटरमागच्या तरुणानें आमच्याकडे असें पाहिलें कीं, जणूं आम्ही कोणाच्या तरी घराची तुळईच उपटून आणली आहे!

लोक तिला सर्फबोर्ड म्हणतात. आमच्या घरीं ती नुसती 'फळी'. पहिल्या दोन पगारांतून मुलीनें ती घेतली, आणि तेव्हांपासून ती आमच्या बैठकीच्या खोलींत मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी भिंतीला टेकून असते. अंगानें एवढी थोरली, पण वजन जेमतेम सात किलो. आंत फोम, आणि वरून राळेंत भिजविलेल्या कांचतंतूंच्या कापडाचें पातळसें कवच. वर एखादी जड पेटी आदळली तरी या कवचाला तडा जातो, आणि तड्यांतून पाणी आंत झिरपलें कीं फळी जड होऊन बसते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीं मुलीनें तिच्या तळाचे माशासारखे पर काढले, पाय घसरूं नये म्हणून लावलेलें मेण खरवडलें (तें उन्हानें वितळतें), आणि दोन्ही टोंकांना घरांतले जुने टॉवेल गुंडाळले. माझा नवा टॉवेलहि त्यांत गेला, हें मला मागाहून कळलें.

सामानाच्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर, असा सर्वसाधारण नियम. आमच्या फळीची एकटी लांबीच पावणेतीन मीटर! फळीचें वेगळें भाडें आम्हीं तिकिटाबरोबर भरलेंहि होतें. पण तें अमुक लांबीपर्यंतचें, त्यापुढें दर निराळा, असें काउंटरवर समजलें. हा निराळा दर आम्हां दोघांच्या तिकिटांच्या बेरजेहून अधिक होता. ह्यांत निव्वळ लूट आहे असें मात्र मला म्हणवत नाहीं. स्वस्त विमान जमिनीवर अर्धापाऊण तास टेकतें, तेवढ्यांत हमालांनीं पोटांत वांकून, गुडघे टेकून सामान रचायचें. त्यांत ही नऊ फुटांची नाजूक बाई कोणाच्या अंगावर निजवायची?

हें सारें शहाणपण मला आज सुचतें आहे. त्या वेळीं मी मुलीला म्हणालों, "राहूं दे. फळी घरीं पाठवूं. मुल्कीला भाड्यानें मिळेल." आणि माझ्या वाचनाचा मोठेपणा मिरविण्याची संधीहि मीं सोडली नाहीं. हवाईचा विख्यात जलतरणपटु ड्यूक कहानामोकु १९१४ सालीं सिडनीला गेला, तो फळीवांचून. तेथें मिळालेल्या शुगर पाइनच्या लांकडाची त्यानें फळी घडविली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाटेवर स्वार होऊन दाखविलें. त्यापूर्वीं १८८५ मध्यें हवाईच्या तीन राजपुत्रांनीं कॅलिफोर्नियांत सांताक्रूझला तिथल्याच रेडवुडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. राजपुत्रांचें जें भागलें तें आपलें कां भागूं नये?

"ड्यूकला फळी घडवितां येत होती, बाबा," ती म्हणाली. "मला येत नाहीं. मला ही एकच ओळखते."

तेवढ्यांत एक तरुण पाठीवर पिशवी घेऊन आमच्या शेजारून निघून गेला. तिच्यांत पॅडलबोर्ड होता. फुगविला म्हणजे दहा-अकरा फुटांचा, पण हवा काढून वळकटी केलेला. मीं तिला तो दाखविला. ती एवढेंच म्हणाली, "त्यांतली हवा काढतां येते."

मला मिरजेचें स्टेशन आठवलें. मी सात वर्षांचा असेन. आईनें साठविलेल्या पैशांतून मिरजेहून तंबोरा घेतला होता. गाडींत गर्दी फार. तो ब्रेकव्हानमध्यें द्यावा, असें वडिलांनीं परोपरीनें सांगून पाहिलें. आई कांहीं बोलली नाहीं. भोपळा मांडीवर घेऊन ती रात्रभर तशीच बसून आली. वडील ज्या सुरांत तिच्याशीं बोलत होते, तो सूर मला इतक्या वर्षांनीं आपल्याच तोंडांत ऐकूं आला. मीं पैसे भरले.

मंगळूरला इतरांच्या पेट्या निघून गेल्यावर अर्ध्या तासानें दोन हमालांनीं फळी हातांवर आणून दिली. मुल्की तेथून उत्तरेला तीसएक किलोमीटर. शांभवी नदी तेथें समुद्राला मिळते. खोलीवर पिशवी उघडली, तों शेपटाजवळ रुपयाएवढा तडा! मुलीनें कोणाला बोल लाविला नाहीं. उन्हांत धरतांच घट्ट होणारी राळ तिनें बरोबर आणलीच होती. दोन दिवस ती भाड्याच्या फळीवरून पडत राहिली. मी मनांत ड्यूकची क्षमा मागत होतों.

तिसऱ्या दिवशीं पहाटे ती आपली फळी घेऊन पाण्यांत शिरली. मी वाळूवर रिकामी पिशवी आणि टॉवेल राखीत बसलों. परतीच्या विमानाचीं तिकिटें मीं रात्रींच रद्द केलीं होतीं, आणि तें तिला अजून सांगितलें नव्हतें. नऊ फुटांची फळी गार्डाच्या डब्यांत घेतात कीं नाहीं, याची आधीं मुल्कीच्या स्टेशनावर चौकशी करून यायचें होतें.